आई नसलेल्या सुनेचं बाळंतपण

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलं आहे: "सुनेचं सिझर होऊन १२ दिवस झाले. पहिलंच बाळ, मुलगी आहे. सुनेची आई दोन वर्षांपूर्वी गेली, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. लाडू, खीर, मालिश, शेक सगळं मी करते. तरी ती चिडते, मध्येच रडते, दूध पुरत नाही म्हणते. मुलगा चिंचोली एमआयडीसीत रात्रपाळीला असतो. उन्हाळा एवढा आहे, बाळाला घोट-घोट पाणी द्यावं का? शेगडी चालू ठेवावी का? आमचं नेमकं काय कमी पडतंय?"

ताई, मी बरीच वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होते आणि आता घरोघरी जाऊन बाळंतिणींना बाळाला पाजण्यात मदत करते. तुमचं सगळं वाचल्यावर मला एकच ओळ सगळ्यात जड वाटली: तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. ती तुम्ही माहेरी न पाठवण्याचं कारण म्हणून सांगितलीत. मला वाटतं, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ओळीतच आहे. त्यावर येतेच, पण उन्हाच्या दोन प्रश्नांना आज दुपारच्या आतच उत्तर हवं, म्हणून ते आधी.

बाळाला पाणी देऊ नका. एक चमचासुद्धा नाही. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि तेवढ्या उन्हात लेकराचा घसा सुकत असेल असं कुठल्याही आजीला वाटणारच. पण आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारं दूध पातळ असतं, त्यानं तहान भागते. वरून पाणी दिलं की इवलंसं पोट पाण्यानं भरतं, बाळ कमी पितं, आणि बाळ कमी प्यालं की आईचं दूधही कमी व्हायला लागतं. शिवाय आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि ते पिंपात साठवलेलं असतं. त्या पाण्यातून जुलाब लागायला वेळ लागत नाही. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा छातीशी घ्यायचं, एवढंच करायचं. गुटी, साखरेचं पाणी यांनाही सहा महिने घरात थारा नको, आणि मधाला तर पूर्ण वर्षभर नको.

शेगडी आजच खोलीबाहेर काढा. बंद खोलीत कोळसे जळले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. धुरीचंही तेच, तिचा धूर बाळाच्या नाजूक फुप्फुसांत जातो. थंडीच्या दिवसांत, वाऱ्याच्या घरात ही पद्धत कशासाठी आली असेल ते समजू शकतं. पण मे महिन्यात पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली दारं-खिडक्या लावून बाळंतिणीला शेकणं म्हणजे तिला आजारी पाडणं. तिची कंबर दुखत असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं कमरेला द्या. पोटावर नको, टाक्यांवर तर नकोच. मालिश पाय, पाठ, खांदे आणि डोक्याला जरूर करा, पोटाला टाके पूर्ण भरेपर्यंत हात लावू नका. कूलर चालेल, फक्त झोत थेट बाळावर नको. बाळाला पातळ सुती झबलं पुरे. घरात टोपी, मोजे, वर दुपटं असं गुंडाळलं तर उकाड्यानंच अंग तापतं आणि आपण ताप आला म्हणून घाबरतो.

आता दूध. "दूध पुरत नाही" हे वाक्य मी ज्या घरांत ऐकते, त्यातल्या बहुतेक घरांत दूध पुरत असतं, पुरतंय यावरचा विश्वास कमी असतो. सिझरनंतर पान्हा फुटायला एखाद-दुसरा दिवस उशीर होऊ शकतो आणि तेवढ्यात घरातलं कुणीतरी म्हणतं, "हिला दूधच नाही." ते वाक्य तिच्या कानात बसतं. बाळ रडलं की तिला वाटतं, मीच उपाशी ठेवतेय. म्हणून अंदाज सोडा आणि दोन गोष्टी बघा. एक, २४ तासांत बाळ सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची शू करतं का. दुसरी, वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, सात टक्क्यांपर्यंत उतरलं तरी काळजीचं नसतं, आणि साधारण १० ते १४ दिवसांत ते जन्मावेळच्या वजनाला परत येतं. तुमचा आज बारावा दिवस. जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे वजन करून घ्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येणं अपेक्षित असतं. कुणी आलं नसेल तर अंगणवाडीत चौकशी करा. वजन आलेलं असेल तर तो आकडा सुनेला सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा, "बघ, तुझ्या दुधावर एवढी वाढलीय."

वजन आलं नसेल तरी लगेच पावडरच्या दुधाचा डबा आणू नका. आधी बाळ छातीला कसं लागतंय ते जाणत्या नर्सकडून तपासून घ्या. नुसतं बोंड तोंडात घेऊन चोखलं तर दूध कमी येतं आणि बोंडाला चिरा पडतात. भोवतीच्या काळ्या भागाचा बराचसा भाग तोंडात जायला हवा, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, हनुवटी छातीला टेकलेली हवी. सिझरच्या बाईला मांडी घालून पाजणं जड जातं, टाके ओढतात. तिला कुशीवर निजून पाजू द्या, किंवा बाळाचे पाय तिच्या काखेखालून मागे जातील असं उशीवर धरून. दिवसाला आठ ते बारा वेळा पाजणं होतंच, त्याला "सारखं पितंय म्हणजे पोट भरत नाही" असं म्हणू नका. रात्रीचं पाजणं तर चुकवूच नका, दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. डॉक्टरांनी वजन बघून वरचं दूध सांगितलंच, तर ते वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं द्या, बाटलीनं नाही.

खाण्याबद्दल तुम्हाला शिकवायची गरज नाही, फार तर थोडं वळण द्यावं लागेल. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात. एक मोठी ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण, चमचाभर तूप आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यात ते भागतं. म्हणजे मंगळवेढ्याची मालदांडी, मुगाचं वरण, शेपू-मेथी हे रोजचं जेवणच तिचं औषध आहे. अंडी, मटणाचा रस्सा घरात चालत असेल तर उत्तम. हळीव आणि डिंकाचे लाडू द्या, पण तीन-चार लाडवांवर बाई दिवस काढतेय असं होऊ नये. हे वातूळ, ते थंड, ते बाधेल म्हणून ताटातून एकेक पदार्थ काढत गेलं की शेवटी बिचारीपुढे मऊ भात आणि तूपच उरतं. तिला शेंगा चटणी खावीशी वाटली तर खाऊ द्या, बाळाचं काही बिघडत नाही. आणि पाणी! बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही पद्धत मला अजून दिसते आणि मनापासून वाईट वाटतं. सिझरनंतर पाणी कमी पडलं की मलावरोध, लघवीला जळजळ, चक्कर, आणि पायात रक्ताची गाठ होण्याचा धोकाही वाढतो. प्रत्येक पाजण्याला तिच्या हाताशी तांब्या-भांडं ठेवा. ताक, आंबील, लिंबूपाणी, सगळं चालतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. दोन्ही एकदम नकोत, मध्ये दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच.

आता तिच्या रडण्याकडे येते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास बहुतेक बायकांना उगीच भरून येतं. गरोदरपणात शरीरात वाढलेली संप्रेरकं दोन-तीन दिवसांत एकदम खाली येतात, त्यात टाक्यांचं दुखणं आणि झोप नाही. हे रडणं साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. तुमची सून अजून त्या मुदतीत आहे. पण तिच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ज्या दिवसांत लेक आईच्या कुशीत जाऊन पडते, त्याच दिवसांत तिला आई नाही. बाळाची पाचवी झाली, बारसं जवळ आलं असेल, शेजारच्या बायका येऊन विचारत असतील, "माहेरी नाही गेलीस?" दर वेळी तिला आईचं जाणं नव्यानं सांगावं लागतं. आणि घरातले सगळे, तिला त्रास होऊ नये म्हणूनच, आईचं नाव काढत नाहीत. त्यामुळे तिचं दुःख घरात कुणाच्याच ओळखीचं राहत नाही. ते चिडण्यातून बाहेर पडतं, बहुधा तुमच्यावर, कारण तिच्या आईनं जे करायचं ते तुम्ही करताय.

तुम्ही नाव काढा. दुपारी बाळ झोपलं की तिच्याजवळ बसा आणि विचारा, "आज आई आठवली का गं?" ती रडेल. रडू द्या. "आता रडू नकोस, दूध आटेल" असं म्हणू नका. रडल्यानं दूध आटत नाही, पण ते वाक्य ऐकून ती पुढच्या वेळी न्हाणीघरात जाऊन रडेल. तिच्या आईच्या हातची एखादी गोष्ट विचारा, लाडू कसे करायच्या, अंगाई कुठली म्हणायच्या, आणि जमलं तर तसेच लाडू करा. तिची मावशी, मामी, थोरली बहीण अशी कुणी असेल तर चार-आठ दिवस राहायला बोलवा. कुणी म्हणेल, सासू असताना त्यांची काय गरज. गरज आहे. "मला बाळाचा कंटाळा आला" हे वाक्य ती बहिणीला सांगू शकते, तुम्हाला नाही, तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी.

आणि एक वाक्य घरातून काढून टाका: "आमच्या वेळी आम्ही असं नव्हतो करत." तुम्ही ते प्रेमानं म्हणता हे मला माहीत आहे, पण बाळंतिणीला त्यात फक्त "तुला जमत नाही" एवढंच ऐकू येतं.

दोन आठवडे उलटले तरी रडणं थांबलं नाही, किंवा रडणंही थांबून ती नुसती बघत बसायला लागली, बाळाकडे ओढ वाटेना, बाळ झोपलं तरी तिला झोप येईना, भूक गेली, "मी वाईट आई आहे" असं सारखं म्हणू लागली, तर ते नैराश्य असू शकतं. भारतातल्या अभ्यासांचा २०१७ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं, म्हणजे पाचात एकीहून जास्त. हे नखरे नाहीत आणि संस्कार कमी पडल्याचं लक्षणही नाही. तिला सरळ विचारा, "आपण नसतो तर बरं झालं असतं, असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटी ठेवू नका आणि डॉक्टरांकडे न्या. आपल्या सिव्हिलमध्ये, वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. बाळ अंगावर पीत असतानाही घेता येतील अशी औषधं आहेत, त्यामुळे "गोळ्या सुरू झाल्या की दूध तोडावं लागेल" या भीतीनं थांबू नका.

याहून वेगळं आणि फार क्वचित होणारं एक दुखणं आहे, हजारात एखाद-दोन बायकांना होतं. पहिल्या दोन आठवड्यांत बाई अचानक झोपेनाशी होते, तरी थकत नाही, असंबद्ध बोलते, कुणीतरी बोलतंय असं ऐकू येतं म्हणते, बाळाविषयी विचित्र संशय घेते. असं दिसलं तर बाहेरचं काही लागलं म्हणून देवऋषी शोधत फिरू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला सिव्हिल गाठा आणि तोवर बाळ कुणा दुसऱ्याकडे द्या.

चिडचिडीचं दुसरं मोठं कारण झोप. तुमच्या पत्रात लाडू आहेत, मालिश आहे, तिच्या झोपेचा उल्लेखच नाही. बाळंतिणीला २४ तासांत एकदा तरी सलग चार तास झोप मिळाली तर तिचा चेहरा बदललेला दिसतो. मुलगा रात्रपाळीला असतो याचा उपयोग करून घ्या. तो सकाळी घरी आला की तासभर बाळ त्याच्याकडे: ढेकर काढणं, लंगोट बदलणं, अंघोळीला मदत. मग त्यानं झोपावं. रात्री नऊचं पाजणं झालं की बाळ तुमच्या कुशीत घ्या आणि पुढच्या भुकेपर्यंत सुनेला दुसऱ्या खोलीत झोपू द्या. दुपारी पुन्हा एकदा तसंच. घरात एवढं वेळापत्रक ठरलं, तर डिंकाचा एखादा डबा कमी केलात तरी चालेल.

पाहुण्यांचं बघा. बारशाच्या निमित्तानं अक्कलकोट-बार्शीपासून माणसं येतील. येऊ द्या, पण बाळंतिणीच्या खोलीत हात धुऊन, थोडा वेळ, आणि सर्दी-खोकला असलेल्यानं अजिबात नाही. "सून झोपलीय" हे सांगायची जबाबदारी तुमची. तिनं सांगितलं तर ती उद्धट ठरते, तुम्ही सांगितलं तर कुणी काही बोलत नाही. पाणी येण्याच्या दिवशी पहाटे सगळं घर बादल्या-घागरी घेऊन पळत असतं, आणि नवी सून स्वस्थ पडून राहायला लाजते. तिला उठू देऊ नका. सिझर म्हणजे पोटाचं मोठं ऑपरेशन, वरची कातडी लवकर भरते पण आतले थर भरायला आठवडे लागतात. सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही. मात्र नुसतं पडूनही राहायचं नाही, घरातल्या घरात थोडं-थोडं चालायला हवं.

हे लिहिताना मला आपल्या पूर्व भागातल्या बिडीकामगार बायका आठवतात. त्यातल्या कित्येकींचा सव्वा महिना पुरा व्हायच्या आत तंबाखूचं सूप परत मांडीवर येतं, कारण हजार बिड्या झाल्या नाहीत तर त्या दिवसाची मजुरी नाही. त्यांच्या घरच्यांनाही माझं सांगणं आहे, निदान पाजण्याआधी साबणानं हात धुवायला आणि लुगडं बदलायला तिला सवड द्या, आणि बाळाची झोळी तंबाखूच्या खोलीत बांधू नका.

काही लक्षणं अशी आहेत की त्यात घरगुती उपायांना वेळ द्यायचाच नाही. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल एवढं अंगावरून जाणं किंवा मोठ्या गाठी पडणं. १००.४ च्या वर ताप, अंगावरून जाण्याला घाण वास, टाक्यांतून पू किंवा पाणी. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, झटका. गरोदरपणात रक्तदाब ठीक होता तरी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो वाढू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत दुखणं, धाप. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. छाती लाल, गरम, दुखरी झाली आणि ताप आला तर डॉक्टरांना दाखवा, पण पाजणं बंद करू नका, दूध साचून राहिलं की त्रास वाढतो. बाळ सुस्त झालं, पिईना, पोट-पाय पिवळे दिसायला लागले, तर त्यालाही तसंच लगेच न्या.

सहा आठवड्यांची तपासणी टाळू नका. आपल्याकडे बाळाचे डोस अगदी तारखेला होतात आणि आईची तपासणी राहून जाते. दोन्ही एकाच दिवशी करा. फाईल आणि माता-बाल संरक्षण कार्ड न्या. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके तपासून घ्या, आणि गरोदरपणात साखर वाढली होती का ते आठवून सांगा, तसं असेल तर ती पुन्हा तपासावी लागते. पुढच्या दिवसांचं बोलणंही तिथेच होऊ द्या. सिझरनंतर पुढचं बाळ राहण्याआधी निदान दोन वर्षं जायला हवीत. "अंगावर पाजतेय, दिवस जायचे नाहीत" यावर विसंबून राहू नका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, वरचं काहीही चालू नाही आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तेव्हाच ते खरं. त्यातली एक सुटली की तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळी या गर्भनिरोधकांपैकी तिला काय सोसेल ते डॉक्टर सांगतील. तेवढा वेळ तुम्ही बाळाला घेऊन बाहेर बसा. हे प्रश्न, आणि मनातले आणखी काही, तिला सासूसमोर विचारता येणार नाहीत.